खंड्याची दृष्ट

कुत्र्याची कुणी दृष्ट काढतं का रे? आमच्या वरवंडच्या घरी काढली.

बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधनं मी थोराड कुत्रं आणलं, खंड्या. तिथल्या मॅडम निघताना म्हणाल्या होत्या, "लोक येतात, पिल्लं घेऊन जातात. ह्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही. आन् फाटक लावून ठेवा हं, नवीन जागा हाय, पळंल."

मी हे सगळं आईला सांगितलं, तर ती दारातच कडाडली, "मेंढरं होती तवाबी आपण पिल्लूच आणायचो. एवढं मोठं कुत्रं घर धरत असतंय व्हय?"

तोंड चालू होतं, पण हातात भाकरीचा तुकडा होताच. घरात नवं कुणी आलं की भाकर ओवाळून दृष्ट काढायची, ही तिची सवय. तिनं तुकडा खंड्यावरनं ओवाळला आन् दिला उघड्या फाटकाबाहेर भिरकावून.

खंड्यानं हिसका मारून माझ्या हातातली दोरी सोडवली आन् तुकड्यामागं बाहेर! समोर हायवे. अनवाणीच पळालो. फाटकात पोचतोय तवर गडी तुकडा तोंडात धरून माघारी. मला ओलांडून थेट आईच्या पायाशी बसला आन् खायला लागला.

माझी बायको घाबरली. "आवं आई, टाकलेली दृष्ट परत घरात आली की!"

आई खंड्याकडं बघत राहिली.

"दृष्ट लागायला आधी कुणी बघावं लागतं, बाई. ह्याच्याकडं कुणी बघितलंय कवा? जा, आख्खी भाकर आण."