सुईवरचा रुसवा

दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. आजोबांच्या पायाला पट्टी होती.

"इन्सुलिन चार दिवस का घेतलं नाही म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर काय सांगू?"

"खरं ते सांगा. बायकोवर रुसलो होतो म्हणावं."

"मग? माझ्या बहिणीला तू चिक्कू म्हणालीस. वर तुझ्याच हातून टोचून घेऊ?"

"माझ्या हातचं जेवण बरं चाललं! दोनदा गोड मागून घेतलंत."

"अन्नावर राग काढू नये."

"आणि पायाची जखम चिघळली, ती?"

"तीसुद्धा तुझ्यामुळेच."

"अहो, मग स्वतःचं स्वतः टोचायला शिका ना एकदा."

"शिकलो, तर मग रुसायचं कशावर?"