झिर्कोनियमचा तुकडा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. बाहुल्या मोठ्या व्हायला गृहस्थांच्या डोळ्यांत थेंब घातले होते.

“झिर्कोनियम धातूचं काम संपलं का गं?”

“आज संपेल, बाबा. ते न्यूट्रॉन किती शोषतं, त्याची आलेखावर रेषा काढून झाली.”

“माझ्या जुन्या मोजमापांचे बिंदू धरलेस ना?”

“धरले. पण रेषा त्यांच्या बरीच खालून जाते. बाकी सगळ्यांची मोजमापं खालीच आहेत.”

“असतील.”

“तुम्ही मोजलेल्या तुकड्यात थोडं हाफ्नियम राहिलं असणार, ते झिर्कोनियममध्ये मिसळलेलंच सापडतं. ते न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतं. तेवढं वजा केलं की तुमचे बिंदू रेषेवर बसतात.”

“आणि कारण काय लिहिशील?”

“तुकडा नीट शुद्ध झाला नव्हता, असं.”

“तो तुझ्या आईने शुद्ध केला होता.”

“हे कधी बोलला नाहीत तुम्ही.”

“माझं मोजण्यात चुकलं, असं लिही.”

“खोटं कसं लिहू, बाबा?”

“मग माझे बिंदू गाळून टाक.”

“तुमचं एवढं एकच काम लोक अजून वापरतात.”

“गाळ म्हणतोय ना. या थेंबांनी सगळं कसं पांढरं झालंय. तिने तो तुकडा माझ्या हातावर ठेवला, तेव्हा अस्संच लख्ख होतं सगळं.”