बाबा कान लावून बसलेत

आत्या : अगं, दारात काय खांबासारखी उभी आहेस? सरक की.

टिचकी : शूऽऽ! आत्या, हळू बोल ना. बाबा कान लावून बसलेत.

आत्या : का, नळ गळतोय का कुठला?

टिचकी : नळ नाही गं, माझा लाँचर! कागदाची रॉकेटं उडवायचा. शुक्रवारी शाळेच्या मैदानावर मी उडवणार आणि अख्खी शाळा माना वर करून बघणार. नळीत पंपाने हवा भरायची, चावी उघडायची, की सुंऽऽऽ! पण चावीच अडकलीय मेली. आणि नळी आतल्या आत वाजतेय.

आत्या : वाजतेय म्हणजे?

टिचकी : टिक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग परत टिक्. कुणीतरी आत बसून नखाने दार वाजवावं ना, तसं. आधी मला मजा वाटली. मग मी पंप खाली ठेवला, तरी ते थांबेना.

आत्या : म्हणजे हवा अजून आतच आहे?

टिचकी : भरपूर! घाम निघेस्तोवर भरलीय.

आत्या : आणि दादाने त्याला कान लावलाय.

टिचकी : भिंतीत पाणी कुठे झिरपतंय ते त्यांना कानाने कळतं, तुला माहितीये की. डोळे मिटून स्टुलावर बसायचं. तेवढा वेळ घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. मी तर शिंकसुद्धा गिळते.

आत्या : नळी कसली आहे?

टिचकी : प्लॅस्टिकची, पांढरी. टाकीची जुनी होती ना गच्चीवर पडलेली, ती. चांगली जाडजूड आहे. बाबांनी स्वतः तपासून दिलीय. आत पाणी भरलं, दाब दिला, रात्रभर एक थेंब गळला नाही. म्हणाले, बिनधास्त घे.

आत्या : पाण्याने तपासली.

टिचकी : मग काय सरबताने तपासणार?

आत्या : टिचके, पाण्याची नळी फुटली तर आपण भिजतो. चीर पडली की पाण्याचा जोर संपला. हवेचं तसं नाही. ती आत दबून बसलेली असते, स्प्रिंगसारखी. चीर पडली की सगळी एकदम बाहेर येते आणि येताना नळीचे तुकडे घेऊन येते. सुऱ्यांसारखे.

टिचकी : पण आधी गळेल ना? फुगेल, काहीतरी सांगेल?

आत्या : हे प्लॅस्टिक नाही सांगत. उन्हात पडून पडून आतून पापड झालेलं असतं, वरून मात्र तसंच जाडजूड.

टिचकी : तुला काय माहीत? तू तर दवाखान्यात हाडांचे फोटो काढतेस.

आत्या : म्हणूनच माहीत. एक बाई आल्या होत्या. पोरांना असलंच खेळणं हवा भरून देत होत्या अंगणात, ते हातातच फुटलं. फोटो काढला, तर हात अगदी स्वच्छ. एक तुकडा दिसेना. आणि बाई म्हणत होत्या, आत कुणीतरी चालतंय. असलं प्लॅस्टिक फोटोत धड दिसत नाही गं. डॉक्टर बोटांनी चाचपत बसले होते.

टिचकी : आत्या. ऐकलंस? आत्ता परत टिक् झालं.

आत्या : ऐकलं. दादा! ए दादा, ऊठ तिथून!

टिचकी : नाही बघायचे ते. कान लावला की ते आपले नसतातच. चेहरा बघ ना त्यांचा. जणू नळी त्यांना गुपित सांगतेय.

आत्या : थांब, ओढूनच आणते.

टिचकी : नको नको! स्टूल गोल फिरतं, नळी त्यांच्या मांडीवर आहे. धक्का लागून खाली आपटली तर? मी बोलते. बाबा. बाबा, मी आज नियम मोडतेय.

बाबा : शू.

टिचकी : शू नाही. बाबा, ती नळी...

बाबा : गप्प, पोरी. मघापासून टिकटिकत होती. आता थांबली. एवढी शांत नळी मी जन्मात ऐकली नाही.

आत्या : शांत म्हणजे काय, कळतंय का तुला?

बाबा : बसली असेल जागेवर. पाण्याच्या नळीचं असंच होतं.

आत्या : यात पाणी नाहीये, दादा.

बाबा : मिसरूड फुटायच्या आधीपासून नळ्या जोडतोय मी. मला शिकवतेस?

टिचकी : बाबा, तुमच्या नळ्या तुमच्याशी बोलत असतील. ही माझी आहे. हवा मी भरलीय. आणि ती काय म्हणतेय ते मला नाही माहीत, तुम्हालाही नाही. मला शुक्रवार नको, रॉकेट नको. मला तुमचं डोकं तिथून बाजूला हवंय.

बाबा : रडतेस का?

टिचकी : रडत नाहीये, बोलतेय! हळूच खाली ठेवा.

बाबा : थांब, चावी तेवढी सैल करून...

आत्या : चावी फिरवायला वाकलास तर छाती तिच्यावरच येईल. ठेव तशीच. पंप लावायला सायकलचा व्हॉल्व्ह आहे, त्यातून हवा झिरपून जाईल हळूहळू.

बाबा : बरं बाई. ठेवली.

टिचकी : आता या. या, या. अजून. ओढून घ्या ते दार.

(तिघं अंगणात, सिमेंटच्या टाकीच्या मागे.)

बाबा : लोक बघतील तर काय म्हणतील? एवढा प्लंबर, आणि नळीला भिऊन टाकीमागे लपलाय.

आत्या : म्हणू दे.

टिचकी : किती वेळ बसायचं असं?

आत्या : उद्यापर्यंत बसावं लागलं तरी बसायचं.

बाबा : टिक्.

टिचकी : काय?

बाबा : इथवर ऐकू येतंय.

आत्या : काही येत नाहीये. दार बंद आहे.

बाबा : तुम्हाला नाही येणार. मला येतंय. जरा दारापर्यंत जाऊन...

टिचकी : बाबा, हात नाही सोडणार मी तुमचा.

बाबा : अगं, नुसतं दारापर्यंत...

(घरात धडाम् आवाज होतो.)

आत्या : खाली! डोकी खाली!

टिचकी : आई गं... आत्या, दारातून ते पांढरं काय बाहेर आलंय?

आत्या : तुकडा. प्लायवूडमधून आरपार. कुणी हात लावू नका.

टिचकी : खिडकीतून स्टूल दिसतंय. फिरतंय.

बाबा : मी उठलो तेव्हा ते थांबलं होतं.

टिचकी : तुम्हाला कुठे लागलं? बाबा? ऐकू येतंय ना?

बाबा : येतंय.

टिचकी : मग बोला ना काहीतरी.

बाबा : तूच बोल. थांबू नकोस.