चष्म्याची डावी काडी

दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या शिक्षिकेच्या कानी शेजारच्या वृद्ध जोडप्याचं बोलणं पडलं.

“देव पावला म्हणा. माझी गाठ साध्या हाडाचीच निघाली, कॅन्सरची नाही. कानामागे सहसा होत नाही, एवढंच. आता तरी पाणी प्या.”

“सात वर्षं तुझ्या चष्म्याची डावी काडी मीच बाहेर वाकवत आलो. जन्मभर चष्मे विकले, पण एकदाही तुझ्या कानामागे हात लावून पाहिलं नाही.”

“काडी रुततेय, असंच म्हणायचे ना मी. काडीच बघितलीत.”

“गाठ काढल्यावर चष्मा सैल होईल.”

“मग पुन्हा वाकवा.”

“वाकवीन. आधी कान दाखव.”

“इथे? लोक आहेत, अहो.”

“असू देत.”

शिक्षिकेने हळूच मान वळवली आणि नंबराच्या पाटीकडे पाहत राहिली.