डॉक्टरला काय सांगितलंस

शेवंती: नाही मॅडम, मी बाहेर थांबणार नाही. हिला कल्याणहून हाताला धरून आणलंय मी. आता तुमच्यासमोर, माझ्यासमोर बोलू दे.

जागृती: मावशी, मी सरकारी वकील. जबाब पोलीस घेतात. असं माझ्या खोलीत हिला आणायचं नसतं.

शेवंती: पोलिसांनी घेतला की जबाब. त्यांना म्हणाली, मला काही आठवत नाही. माझं पोरगं हिच्या मांडीवर डोकं ठेवून रिक्षातून दवाखान्यात गेलं, तिथंच संपलं, आणि हिला आठवत नाही!

जागृती: तू दिशा ना?

दिशा: हो.

जागृती: प्रीतमच्या मृत्यूचे कागद आलेत माझ्याकडे. तुला साक्षीदार करायचं की आरोपी, त्यावर पोलिसांनी माझं मत मागितलंय. तेव्हा विचार करून बोल.

शेवंती: त्यात विचार कसला? डॉक्टरनी हिला विचारलं, याने काय घेतलंय? ही म्हणाली, दारू. म्हणून त्यांनी सलाईन लावलं नि म्हणाले, झोपू दे, उतरेल. अहो, प्रीतम दारूला शिवत नव्हता. गर्दच्या नादी लागलेला. मला ठाऊक होतं, अख्ख्या चाळीला ठाऊक होतं, आता झाकून काय करू? पण त्याच्यावर उतारा असतो म्हणे.

जागृती: असतो. इंजेक्शन असतं.

शेवंती: ते दिलं असतं तर?

जागृती: बहुतेक वाचला असता.

शेवंती: ऐकलंस? लहानपणापासून माझ्या ताटात जेवलीस गं तू.

दिशा: काकी, मला झोप लागते असं वाटतं का तुम्हाला?

शेवंती: मग खोटं का बोललीस?

दिशा: मॅडमना विचारा.

शेवंती: त्यांना काय विचारू? त्या काय होत्या तिथं?

दिशा: होत्या. बॅनरवर.

(जागृती उठून दार लावून घेते.)

जागृती: कुठल्या बॅनरवर?

दिशा: कोलशेतच्या नाक्यावर. आम्ही खाडीच्या साइडला बसलेलो. प्रीतमचा श्वास मधेच थांबायला लागला, मी रिक्षा पकडली. फुल ठरवलेलं मी, सगळं खरं सांगायचं. मग नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि वर बघते तर तुमचा एवढा मोठा फोटो. फेटा बांधलेला. नशेबाजांना गजाआड करणारी आमच्या गावची लेक, असं लिहिलेलं. खाली सगळे शुभेच्छुक.

जागृती: माझ्या भावाने लावला तो, नयनने. मी त्याला नको म्हटलं होतं... नाही, तेही खरं नाही. नको नको म्हणत फेटा बांधून घेतला मी.

शेवंती: अगं पण बॅनरचा नि तुझा काय संबंध? मी तर पेपरात यांचा फोटो बघून म्हटलं, याच बाईकडे जायचं. मित्राला मारणाऱ्या पोराला यांनी शिक्षा केली.

दिशा: कमलेशने कोणाला नाय मारलं, काकी. आमच्याच ग्रुपमधला तो. दोघांनी मिळून घेतलेलं. मित्र आडवा झाला तसे बाकीचे पळाले. कमलेश एकटा त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरला बोलला, गर्द घेतलाय, मीच आणलेला, काय पण करा पण याला वाचवा. डॉक्टरने ते लिहून घेतलं.

शेवंती: मग?

दिशा: मग मॅडमनी ते कोर्टात वाचून दाखवलं.

शेवंती: हे खरं आहे?

जागृती: हो. केसमध्ये दुसरं काही उरलंच नव्हतं. पुडी सापडली नाही, साक्षीदार फुटले. डॉक्टरला त्याने आपणहून जे सांगितलं, तेवढाच पुरावा होता.

शेवंती: आणि तोही पळाला असता तर?

जागृती: तर सुटला असता.

शेवंती: म्हणजे खरं बोलला म्हणून आत गेला?

जागृती: माल त्यानेच आणला होता, मावशी. कायद्याने तो दोषीच.

शेवंती: मी कायदा कुठं विचारला?

जागृती: हो. खरं बोलला म्हणून गेला.

दिशा: त्याच्यानंतर आमचं ठरलेलंच. कोणाला काय झालं तर दारू बोलायचं. दारू प्यायला म्हणून कोण आत टाकत नाय. आणि काकी, हे प्रीतमनेच शिकवलेलं आम्हाला.

शेवंती: प्रीतमने?

दिशा: आईशप्पथ. बोललेला, मला काय झालं तरी हेच सांगा, नायतर तुम्ही अडकाल.

शेवंती: असंच होतं माझं पोर. दुसऱ्याचं आधी बघायचं.

जागृती: मावशी, मला लाज वाटते. निकालाच्या दिवशी कमलेशची आई कोर्टाच्या जिन्यात बसली होती. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिच्या बाजूने खाली उतरले. याने मित्राला टाकून पळ काढला नाही, शिक्षा देताना तेही बघा, एवढं न्यायाधीशांना सांगता आलं असतं मला. केस तेव्हा जिंकलेलीच होती. तरी नाही सांगितलं. जास्तीत जास्त शिक्षा मागितली, कारण त्यानेच नाव मिळतं.

शेवंती: मग आता हिच्याबद्दल काय लिहिणार?

जागृती: साक्षीदार करा, असं लिहीन.

शेवंती: झालं तर मग! बोल दिशा. माल कोणी आणला, कोणी दिला, सगळं सांग मॅडमना.

दिशा: मॅडम, मी सांगितलं तर मला काय होणार नाय ना?

जागृती: मी फक्त मत देते गं.

दिशा: म्हणजे?

जागृती: म्हणजे ते मानायचं की नाही, हे पोलीस बघणार. उद्या केस दुसऱ्या वकिलाकडेही जाईल. आणि तू इथं जे बोलशील, ते ऐकलंच नाही असं मला म्हणता येणार नाही.

शेवंती: म्हणजे हिचंही त्या कमलेशसारखं होऊ शकतं?

जागृती: होऊ शकतं.

शेवंती: तुम्ही असताना?

जागृती: कमलेशचं मी असतानाच झालं ना, मावशी.

शेवंती: दिशा, ऊठ. ओढणी नीट घे. माझंच चुकलं, तुला इथं आणलं ते. आता एक शब्द बोलायचा नाही. कोणी विचारलं तर आठवत नाही म्हणायचं, पोलिसांना सांगितलंस तसंच.

दिशा: पण काकी, प्रीतम का गेला ते मग कोणाला कळणारच नाय.

शेवंती: मला कळलं. प्रीतम गेला, तू आहेस अजून. चल.

दिशा: मॅडम, तुम्ही सांगा ना. मी काय करू?

जागृती: काकींचं ऐक.