पाय हलवायची खोड

भूकंपानंतर लातुरात घरोघरी भांड्यावर भांडं रचून ठेवायचे. ती पडली की बाहेर पळायचं. मी बारावीच्या फिजिक्ससाठी एका चाचींकडं खोली घेऊन राहिलेलो, आणि मला वाचताना पाय हलवायची खोड. दोलनाचा धडा काढला की पाय हलायचा, टेबल हलायचं, भांडी कोसळायची, अन् सगळी गल्ली लेकरंबाळं घेऊन रस्त्यावर.

चाची म्हणाल्या, "बेटा, इम्तिहान तुझा हाय, पळून आम्ही राहिलो." त्यांनी माझा पाय खुर्चीला बांधून टाकला.

पेपरच्या आदल्या दिवशी खरंच धक्का बसला. भांडी पडली. मी खुर्चीसकट रस्त्यावर पळालो, तर गल्लीत दुसरं कुणीच न्हाई. चाची खिडकीतून शांतपणे म्हणाल्या, "आता दुसरा पाय बी बांधावा लागतो."