कोर्टावरचं पाणी

राधाकिशन : पुढं ऐका ताई, कारखान्यातर्फे पेपरला द्यायची बातमी. ‘विंबल्डन गाजवून आपल्या बीड जिल्ह्याचं नाव सातासमुद्रापार नेणाऱ्या...’

मंजुळा : गाजवलं नाही हो काका. पात्रता फेरीत पहिल्याच दिवशी हरले. पाऊण तासात.

राधाकिशन : गेला तर होतात ना? ह्या कारखान्याच्या कॉलनीतून तिथवर दुसरं कोण गेलंय? राहू द्या ते. ‘तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद. आशियाई स्पर्धेत दुहेरीचं कांस्यपदक.’

मंजुळा : ते बरोबर आहे.

राधाकिशन : ‘निवृत्तीनंतर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी केजला वसतिगृह. यंदाच्या दुष्काळात दिंद्रुडकडच्या अकरा गावांना रोज टँकर.’ अकराच ना?

मंजुळा : आजपासून आठ. आम्ही टँकर भरायचो ती विहीर आटली. सकाळपासून दुसरी शोधत फिरतेय. लवकर उरका काका, आता बसवतसुद्धा नाही मला.

राधाकिशन : झालंच. ‘उद्या सकाळी चेअरमनसाहेबांच्या हस्ते, कारखान्याच्या ऑफिसर क्लबच्या जुन्या जागेवर, मंजुळाताईंच्या टेनिस अकादमीचं भूमिपूजन. लाल मातीची दोन कोर्टं. व्यासपीठावर त्यांचे वडील सटवाबा, ज्यांनी क्लबात माळी असताना घाम गाळून तिथली जुनी कोर्टं राखली...’

सटवा : घाम न्हाई. पाणी.

राधाकिशन : काय म्हणालात?

सटवा : घामानं मातीचं कोर्ट ऱ्हात न्हाई राधाकिशनराव. पाणी मारावं लागतं, दोन टायमाला. न्हाई मारलं तर भेगा पडत्यात. तेवढं मी करायचो. आन उद्या मी येनार न्हाई.

मंजुळा : आबा, सकाळीच तर नवं धोतर काढलंत!

सटवा : काढलंतं. परत पेटीत घालतो.

राधाकिशन : अहो पण कावून? मुलीचा सत्कार अन् बाप स्टेजवर न्हाई! लोक काय म्हणतील?

सटवा : लोकं तवाबी लई म्हनले. शहाऐंशीचा दुष्काळ आठवतो का तुमाला? कॉलनीला चार दिसाला पाणी यायचं. कोर्टाला रोज.

राधाकिशन : वरून ऑर्डर होती. त्यात तुमचा काय दोष?

सटवा : पाइप माझ्या हातात हुता. एक दिस हिची माय साखरा आली घागर घिऊन. तारंच्या कुंपनापाशी हुबी ऱ्हायली. एकच घागर द्या, म्हनली. मी तिच्याकडं पाठ केली आन मातीवर पाणी मारत ऱ्हायलो.

मंजुळा : माहितीय मला.

सटवा : तुला काय म्हाईत? नऊ वर्साची हुतीस तू.

मंजुळा : मी तिथंच होते, चेंडू वेचायला. तुम्ही अलीकडच्या कोर्टावर होता, पलीकडच्यावर कारखान्याचे तेव्हाचे मोठे साहेब. त्यांचा जोडीदार आला नाही म्हणून त्यांनी माझ्या हातात रॅकेट दिली होती. पहिल्यांदाच. आईनं मलाही हाक मारली, आबा. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाटलं, आता खेळ थांबला तर ही रॅकेट पुन्हा हातात यायची नाही.

सटवा : मलाबी तेच वाटलं.

मंजुळा : म्हणजे?

सटवा : घागर भरून दिली म्हनून सायबानं मला हाकललं असतं तर रोजगार हमीवर गेलो असतो. खडी फोडली असती, त्याचं काय न्हाई. पर त्या दिशी तुझा हात बगितला मी. चार चेंडू जाळीपल्याड मारलेस, सायब हसला. म्हनलं, खेळू दे पोरीला. तुझ्या मायच्या घागरीपरीस मला ते मोठं वाटलं.



मंजुळा : काका, उद्याचं भूमिपूजन राहू द्या.

राधाकिशन : अहो ताई, मांडव घालून झालाय! पत्रिका वाटल्यात. पुढच्या महिन्यात कारखान्याची निवडणूक आहे. नवं संचालक मंडळ आलं तर ते जागा देईल का तुम्हाला? पाच वर्षं चकरा मारल्यात तुम्ही तिच्यासाठी.

मंजुळा : सात. खांदा गेला, खेळ गेला, त्यानंतर एवढं एकच मागितलं होतं मी. इथल्या पोरींना एक कोर्ट. पण कोर्ट झालं की तिथं पाइप धरून कोण उभं राहणार? एखादा नवा माळीच ना? आणि त्याची बायको कुंपणापाशी.

राधाकिशन : पाऊस पडला की सगळं सुरळीत होईल.

मंजुळा : मग पाऊस पडल्यावर करू. जागा राहिली तर. कोर्टासाठी जी बोअर मारलीय, तिच्यावर टँकर भरू द्या म्हणावं.

राधाकिशन : हे मला न्हाई जमायचं बोलायला. तुम्हीच सांगा साहेबांना.

मंजुळा : सांगते. तुम्ही मांडववाल्याला तरी थांबवा.

राधाकिशन : निघतो. चिडतील साहेब. लई चिडतील.

सटवा : गेलं राधाकिशनराव. मंजे, माझ्यापायी नगं सोडूस. लई वाट बगितलीस त्या जागंची.

मंजुळा : तुमच्यापायी नाही आबा. दमले मी. तीस वर्षं झाली, ती हाक काही कानातून जात नाही.

सटवा : रडू नगंस.

मंजुळा : आई वारेपर्यंत कधी काही बोलली का तुम्हाला? त्या दिवसाबद्दल?

सटवा : न्हाई. दिवेलागनीला आली ती. नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर दिसभर बसून अर्धी घागर भरली हुती.

मंजुळा : मग?

सटवा : मी उन्हातून आलतो. पयला तांब्या मलाच दिला तिनं.